उतरलेला पंचम

वृषाली पोंक्षेंच्या घरी परीक्षणाला आलेलं कुठलंही ध्वनियंत्र आधी दोन दिवस नुसतं दिवाणखान्यात पडून राही. यंत्रालाही घराची सवय व्हावी लागते, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या एका वाक्यानं भल्याभल्या कंपन्यांची झोप उडत असल्यामुळे कुणी वाद घालत नसे. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या आवाजातल्या चुका काढल्या होत्या आणि तेवढ्याच वर्षांत स्वतः एकही सूर लावला नव्हता.

या खेपेचं यंत्र म्हणजे तांब्याचे दोन बुटके खांब. कंपनीची इंजिनीअर कौमुदी शेवडे ते घेऊन स्वतः कोल्हापूरला आली होती. यंत्राचं नाव 'ध्वनिउकल'. जुन्या ध्वनिमुद्रणात सगळे आवाज एकमेकांत मिसळलेले असतात. हे यंत्र तो गुंता सोडवायचं आणि प्रत्येक आवाज बैठकीत होता तिथेच परत नेऊन बसवायचं, मग मुद्रण एकाच माइकवरचं का असेना.

"आणि चूक सापडली तर दुरुस्तही करतं," कौमुदी म्हणाली. "सुरुवात आम्ही दत्ताबुवा सांखळकरांच्या शेवटच्या बैठकीत गायलेल्या मुलतानीपासून करतोय. ताई, तुम्ही हो म्हणालात की इथून पुढे सगळीकडे दुरुस्त केलेलीच वाजेल."

त्या मुलतानीत बुवांच्या मागे तंबोरा घेऊन वृषालीताईच बसल्या होत्या, तेविसाव्या वर्षी. त्या दुपारी खुंटी घसरू नये म्हणून तिला खडू लावायला त्या विसरल्या आणि बैठक रंगात असताना पंचमाची तार केसभर उतरली. त्यांच्या लक्षात आलं तोवर बुवांचा पंचमही उतरला होता. तिसऱ्या दिवशी बुवा गेले, त्याबद्दल एका शब्दानंही न बोलता. लोकांनी त्या 'हळव्या पंचमा'वर प्रबंध लिहिले. आपण म्हाताऱ्या गुरूचा कान चकवला, त्यांचं शेवटचं गाणं नासवलं, हे वृषालीताईंनी कुणालाच सांगितलं नाही. त्यांनी गाणं सोडलं.

आता एका होकारानं ती चूक जगातून पुसली जाणार होती. खोटं कशाला सांगा, त्यांना मोह झाला.

"आधी मूळ लाव," त्या म्हणाल्या.

खांबांतून आधी नुसती खोली आली. जाजमावर कुणी मांडी बदलली, कुठेतरी बांगड्या वाजल्या. मग तंबोरा सुरू झाला तो थेट त्यांच्या मांडीवरच, आणि वृषालीताईंची बोटं आपोआप हलू लागली. पुढ्यात, हातभर अंतरावर, बुवांची पाठ असल्यासारखी वाटत होती. डावीकडे मेहबूबभाईंची सारंगी होती, उजवीकडे तबला. दिवाणखान्यातलं ऊन हळूहळू त्या जुन्या दुपारचं झालं आणि आपलं वय काय, हे त्या खरोखरच विसरल्या.

चौदाव्या मिनिटाला तार उतरली. कौमुदीच्या हातातल्या पडद्यावर चुकीची लाल रेघ उमटली.

"थांब. तबला काढ. आता बुवांच्या समोर बसव मला, त्यांचा पंचम कसा उतरला ते ऐकायचंय."

कौमुदीनं तबला मिटवला आणि ऐकणाऱ्याची जागा फिरवून बुवांच्या समोर आणली. त्या तबल्याखाली चाळीस वर्षं काहीतरी दबून राहिलं होतं. बुवांचा श्वास ऐकू आला आणि मग सारंगीकडे वळून अगदी हळू बोललेले शब्द.

"मेहबूबभाई, पोरीच्या तारेवर या. तिला कळू देऊ नका."

सारंगी केसभर खाली आली. मग बुवांनी पंचम लावला, पुरता जाणून आणि शांतपणे, उतरलेल्या तारेला बरोब्बर चिकटून.

वृषालीताईंनी तेवढाच तुकडा तीनदा ऐकला. चौथ्यांदा ऐकताना त्या रडू लागल्या. बुवांचा कान चकला नव्हता. एका घाबरट पोरीची भर बैठकीत शोभा होऊ नये म्हणून त्यांनी आपला सूर खाली आणला होता. आणि पोरीनं काय केलं? गाणंच टाकून दिलं! त्यांना काही न सांगता गेलेल्या बुवांचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त.

कौमुदीनं पाण्याचा पेला पुढे केला. काय झालं ते वृषालीताईंनी तिला पहिल्यापासून सांगितलं, खडूसकट.

"मग दुरुस्ती?" कौमुदीनं विचारलं.

"दुरुस्ती नाही. हात लावायचा नाही त्या मुलतानीला."

यंत्र चालूच होतं. बुवा पुन्हा पंचमावर येऊन थांबले आणि वृषालीताईंनी तोंड उघडलं. आधी आलेला आवाज खरखरीत होता, बंद खोलीचं दार उघडावं तसा. मग तो स्थिरावला आणि बुवांच्या सुराला जाऊन मिळाला. पडद्यावर तार, सारंगी आणि बुवा, तिघांच्या लाल रेघांखाली चौथी उमटली.

कौमुदीनं त्या चार रेघांकडे पाहिलं. तिच्या यंत्राला पंचम माहीत होता तो आकड्यांतला, एकच, जगभर सारखा.

"ताई," तिनं हळूच विचारलं, "मग मी याला खरा पंचम कुठला म्हणून शिकवू?"