जुन्या गल्लीचं शेवटचं प्रकरण

एसटीतल्या रेटारेटीत भरतच्या शर्टाचं बटण तुटलं, म्हणून तो मंचरच्या जुन्या गल्लीतल्या शिलाईच्या दुकानात शिरला. दुकानात शिलाई करणाऱ्या रत्नानं शर्ट अंगावर असतानाच बटण लावायला घेतलं.

"हलू नका पावणं, सुई टोचंल."

"टोचली तरी... चालेल," तो पुटपुटला, आणि त्याचे कान लाल झाले.

तो कादंबरी लिहीत होता, याच गल्लीची. रस्ता रुंद होणार होता. बांगडीवाला भोसरीला गेला, सोडावाल्यानं दुकान हलवलं. गल्लीतून जो जाई, तो कादंबरीतूनही जाई. दर बाजारच्या दिवशी भरत नवं प्रकरण वाचून दाखवी, आणि रत्ना मशीन थांबवून ऐके. कादंबरीत शिलाई करणारी एक मुलगी होती. दातांनी दोरा तोडणारी, थेट रत्नासारखी. एक मुलगा धड कपडे मुद्दाम उसवून तिच्याकडे आणी.

"लेखक, तुमच्या त्या पोराला तोंड न्हाई का?"

"आहे... धीर नाही."

"मग पोरगी म्हातारी व्हईल की वो!"

हसून ती पुन्हा मशीनला पाय लावी. तिला चाकणच्या कंपनीतल्या मुलाचं स्थळ आलं होतं. आई रोज विचारी, आणि रत्ना पुढच्या प्रकरणाची वाट पाहत उत्तर टाळी.

शेवटचं प्रकरण त्यानं मान वर न करता वाचलं. गल्ली पडली. मुलगी लग्न करून चाकणला गेली. मुलगा काहीच बोलला नाही.

"बरं लिवलंय," रत्ना म्हणाली. घरी जाऊन आईला म्हणाली, "बोलव त्या चाकणवाल्यांना."

पुढच्या बाजारी भरत आला, तेव्हा दुकान रिकामं होत होतं.

"काल सुपारी फुटली माझी," ती म्हणाली.

तो दाराशीच बसला. "अगं, मला वाटलं तू भांडशील... म्हणशील, तिला जाऊ देऊ नका. म्हणून तर तसं लिहिलं!"

"आन् मला वाटलं... तुमीच जा म्हणताय."

"मी घरी येऊन बोलतो."

"आमच्या वडलांनी चार माणसांत शब्द दिलाय. आता न्हाई."

"मग शेवट तरी बदलतो. तिला इथंच ठेवतो."

"नगा." रस्त्यासाठी कुठवर पाडायचं ते दाखवणाऱ्या भिंतीवरच्या लाल खुणेकडे ती बघत राहिली. "गल्लीच न्हाई ऱ्हायली, तर ती बसंल कुठं?"

बाहेर टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला.

"मशीन लई जड हाय... एका बाजूनं धरता?"

दोघांनी मशीन उचललं. उंबऱ्याशी दोघंही थबकली. मग उजवा पाय पुढं टाकून रत्नानं त्याच्यासोबत उंबरा ओलांडला... बाहेरच्या बाजूला.