अठ्ठावन्नावी नोंद

ग्रंथालय उघडून अर्धा तासही झाला नव्हता, तोच ग्रंथपालांचा फोन आला.

"बाई, लगेच या. संदर्भसूचीतल्या अठ्ठावन्न नोंदी गायब आहेत."

बाई म्हणजे निवृत्त सूचीकार. जुन्या नियतकालिकांतल्या एकेका लेखाची कार्डं त्यांनी हाताने लिहिली होती. आता तीच संगणकावर चढत होती.

नोंदी ऑपरेटर मुलीच्या पासवर्डने पुसल्या गेल्या होत्या. संध्याकाळपर्यंत उलगडा झाला नाही, तर तिची नोकरी जाणार होती.

"कधी पुसल्या?" बाईंनी आल्या आल्या विचारलं.

"काल दुपारी दीडला." तंत्रज्ञ नजर चुकवत होता. "राखीव प्रत गेल्या महिन्याची आहे. या नोंदी नंतरच्या."

"तू कुठे होतास?"

"सर्व्हरच्या खोलीत. एकटाच."

"आणि तू गं?"

"जेवायला गेले होते, बाई. संगणक सुरूच राहिला. हॉलमध्ये फक्त सर होते."

सर म्हणजे बोलीभाषांचे प्राध्यापक, रोजचे वाचक. उद्या त्यांच्या ग्रंथाचा गौरव व्हायचा होता. ते अकराला आले.

"संगणकातलं मला काय कळतं?" सर म्हणाले.

"आमच्या कार्डांत काही शोधलंत अलीकडे?"

"छे. आडनावं लावलेले ते कप्पे आता कोण उघडतं?"

बाई क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मग मुलीला घेऊन कार्डांच्या कपाटाकडे गेल्या.

गेलेले क्रमांक सलग होते, ४११२ ते ४१६९. दोघींनी तीन तास कार्डं चाळली. लेखकांच्या कप्प्यांत सत्तावन्न सापडली. विषयांच्या कप्प्यांत अठ्ठावन्न.

बाईंनी सगळ्यांना बोलावलं.

"लपवायची होती एकच नोंद. बाकीची निव्वळ धूळफेक. आमच्याकडे प्रत्येक लेखाची दोन कार्डं असतात, एक लेखकाच्या नावाने, एक विषयाने. इथल्या माणसांना हे पाठ आहे. त्यांनी दोन्ही काढली असती. चोराला फक्त आडनावांचे कप्पे ठाऊक होते."

सर हसले. "हा काय पुरावा झाला?"

बाईंनी विषयाचं कार्ड पुढे ठेवलं. शेजारी कुलपातल्या कपाटातून काढलेला तीस वर्षांपूर्वीचा अंक आणि सरांचा ग्रंथ.

"लेख तुमच्या विद्यार्थिनीचा आहे. आणि तुमच्या ग्रंथाचं तिसरं प्रकरण, अक्षर न् अक्षर, हेच आहे."

 सरांनी डायरीतून एक पिवळं कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

"तिने लिहिणं कधीच सोडलं होतं. वाटलं, आता कोण विचारणार?"

तंत्रज्ञानेही खाली मान घालून कबूल केलं, की रोजची राखीव प्रत घ्यायचा त्याने कंटाळा केला होता.

मुलीने त्याच दुपारी नोंदी पुन्हा भरल्या. ग्रंथपालांनी सभासदांच्या जुन्या वहीतून लेखिकेचा नंबर शोधला.

"तुमचा लेख सापडला," बाई फोनवर म्हणाल्या.

 पलीकडून एक दबका आवाज आला.

"हरवला होता का?"