मागच्या दारानं येणार न्हाई

"तुमचा पेशंट आत गेला का?"

भुजंग मला पहिल्यांदा बोलला तो हे असलं. माझं टाळकंच सणकलं.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. जालन्यातल्या त्या व्यसनमुक्तीच्या दवाखान्यात भरती करून घेत नसत. दर गुरुवारी यायचं, औषध न्यायचं, घरी राहून सोडायचं. व्हरांड्यात दोन बाकडी होती. भिंतीकडच्या बाकड्यावर पेशंट, सगळे पुरुष. खिडकीकडच्या बाकड्यावर त्यांच्यासोबत आलेल्या आया, बायका, बहिणी. बाई दिसली की कुणीतरी हाताला धरून तिला खिडकीकडंच बसवायचं. मलाही बसवलं होतं.

"माझा पेशंट मीच आहे," मी म्हटलं.

त्यानं आधी मागं वळून बघितलं, मग माझ्याकडं. चांगला उंचापुरा गडी, डोळे तांबारलेले, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या... आणि कान लाजून लालेलाल!

"म्हंजे... तुमी पेता?"

"प्यायचे. दारू न्हाई. खोकल्याचं औषध. दिवसाला तीन बाटल्या. आज सोडून आठवा दिवस."

"बाप रे! एवढा खोकला?"

"खोकला न्हाईच!"

तो हसला. खळखळून, मान मागं टाकून. आणि काय सांगू, मलाही हसू फुटलं. घरात या विषयावर नुसतं रडणं चालायचं. याच्यावर हसताही येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

शहागडला हायवेवर माझं एसटीडी बूथ होतं. आई गेली त्या वर्षी मला खरंच खोकला झालेला. बाटलीनं खोकला बसला आणि डोकंही हलकं झालं. आई गेल्यापासून ते कधी हलकं झालंच नव्हतं. मग खोकला गेला, बाटली राहिली. लपवून लपवून मीच कंटाळले.

म्हणून तर पहिल्याच गुरुवारी दवाखान्यातल्या उषाबाईंशी माझं वाजलं. बाई प्रेमळ, सगळ्यांना समजावून सांगायच्या, गोल बसवायच्या. गोलात एकेकानं उभं राहून आपलं नाव सांगायचं, काय घेत होतो ते सांगायचं, सोडून किती दिवस झाले ते सांगायचं. मला मात्र हळूच म्हणाल्या, "द्वारका, बायांसाठी मागचं दार आहे. बारा वाजता ये, कुणी बघत नाही. गोलात नको बसू. उद्या लग्न व्हायचंय तुझं."

"बाई, मी काय चोरी केलीय का? मागच्या दारानं मी येणार न्हाई!"

आणि बसले गोलात. वीस पुरुष आणि मी एकटी.

भुजंग ट्रक चालवायचा. डोड्याची सवय लागलेली. डोडा म्हणजे अफूच्या बोंडाचा भुगा. चहात टाकून प्यायचा, की झोप उडते आणि गाडी पळते. डॉक्टरांनी ट्रक बंद करायला लावला, तेव्हापासून तो अंबड चौफुलीवर पंक्चर काढत बसायचा.

"नाव भुजंग, अन् सुई बघून डोळे झाकता?" एकदा रक्त तपासताना मी चिडवलं.

"तुमच्याकडं बघत होतो ना... मंग सुईकडं कसं बघणार?"

"डोळे झाकून बघता का?"

"झाकल्यावर जास्त बराबर दिसता तुमी!"

मेला! मी तोंड फिरवलं खरं, पण परतीच्या एसटीत अंबड येईपर्यंत खिडकीबाहेर बघून एकटीच हसत होते. बाहेर भुरभुर चालू होती, अर्धी बाही भिजली, तरी काच ओढायचं सुचलं नाही.

मग रोज संध्याकाळी पाच वाजता बूथवर फोन यायचा.

"हॅलो... सतरा."

"पंचवीस," मी म्हणायची.

"अजून काय?"

"अजून काय असतं? ठेवा आता. मीटर पळून राह्यलंय तुमचं."

"पळू द्या ना... तुमी नुसतं हं म्हणा."

"हं."

एवढंच. पण त्या हं-साठी मी दुपारपासून घड्याळ बघायची. बाटलीची आठवण यायची ती बराबर साडेचारला, आणि मी तिला सांगायची, थांब गं बये, पाचला मला आकडा सांगायचाय!

सत्तावन्नाव्या दिवशी घरात अण्णासाहेब म्हणाले, "केदारखेड्याचं स्थळ आलंय. बागायतदार लोक हैत. जालन्याला जाणं आता बिलकुल बंद."

अण्णासाहेब माझे थोरले भाऊ. चौदा वर्षांनी मोठे, वडिलांच्या जागी.

"अण्णा, अजून औषध चालू आहे माझं."

"लग्न झालं की आपोआप सुटतं समदं."

आपोआप! मला माझी खोड ठाऊक होती. आठ दिवस गोल चुकला, की नवव्या दिवशी मी मेडिकलच्या काउंटरवर उभी. तो बागायतदार काय मला दिवस विचारणार होता? मी त्याच गुरुवारी जालन्याला गेले आणि भुजंगला सगळं सांगितलं. तो नुसतं "चांगलं हाय स्थळ..." म्हणाला आणि चपलेकडं बघत बसला. मला त्याचं डोकंच फोडावंसं वाटलं.

त्या आठवड्यात पाचचा फोन एकदाही वाजला नाही.

पुढच्या गुरुवारी माझी एसटी उशिरा पोचली. भुजंग फाटकातच उभा. चेहरा उतरलेला, पण काहीतरी पराक्रम केल्यासारखा.

"केदारखेड्याच्या मुलाचे मामा आत्ताच आल्ते चौकशीला. शहागडची पोरगी हितं कशाला येती म्हणून. तुमी काळजी करू नका, मी झाकून घेतलं."

"काय झाकलं?"

"म्हटलं, ती पेशंट न्हाई. पेशंट मी हाय. ती माझ्यासोबत येती."

मी कपाळावर हात मारून घेतला. "अहो शहाणे! पेशंट आहे म्हटलं असतं, तर निदान बरी होईल म्हणाले असते. आता ट्रक ड्रायव्हरसोबत फिरती म्हणून गावभर सांगतील! अन् तुम्हाला कुणी सांगितलं झाकायला? दोन महिने मी काय झाकायला येतेय इथं?"

त्याचा चेहरा असा पडला... रागातही मला कसंतरी झालं. पण आतून हाक आली, गोल सुरू झाला होता. आम्ही जाऊन बसलो, शेजारी शेजारी, एकमेकांकडं न बघता.

दहा मिनिटं झाली नसतील, दारात अण्णासाहेब. त्या दिवशी ते जालन्याच्या मोंढ्यात माल विकायला आले होते आणि मामांनी त्यांना तिथंच गाठलेलं.

"द्वारके, ऊठ! औषधाचं निमित्त करून हे धंदे? कोण हाय तो ड्रायव्हर?"

उषाबाई शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, गोल चालू आहे. द्वारकाचीच पाळी आहे."

मी उभी राहिले.

"मी द्वारका, शहागडची. खोकल्याचं औषध. चौसष्ट दिवस." थांबले... आणि मग म्हटलं काय व्हायचं ते होऊ दे. "मामांना सांगा अण्णा, मी पेशंट आहे. आजवर कुणासोबत आले नाही, एकटी आले. अन् हा भुजंग. मला आवडतो. आजपासून याच्यासोबतही येणार."

कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्यानं "अगं माय!" म्हणून कानाला हात लावला.

पाळी भुजंगची. तो उठला. छप्पन्न म्हणायचं आणि बसायचं, एवढंच काम होतं. मी हसत वर बघितलं.

"मी भुजंग. डोडा..." त्याचा आवाज चिरकला. "आज पहिला दिवस."

माझं हसू तोंडावरच राहिलं.

"हिचं लग्न ठरून राह्यलंय हे ऐकलं, अन् मंग आठवडाभर जीव ठिकाणावर नव्हता. काल एका दोस्ताची गाडी घेऊन गेल्तो, शहागडवरूनच गेलो. बूथ दिसलं... थांबायची हिंमत झाली न्हाई. पुढं धाब्यावर चहात टाकला. चूक माझी हाय, हिची न्हाई."

अण्णासाहेब हसले. "ऐकलं? हा तुझा निवडलेला! चल घरी जल्दी."

राग आला मला, खूप राग आला. डोळे भरून आले. त्याचे छप्पन्न दिवस मी माझ्या दिवसांसोबत मोजले होते. भुजंग खाली मान घालून उभा होता, मी उठून जाणार असं धरूनच.

मी डोळे पुसले.

"अण्णा, यानं आत्ता छप्पन्न म्हटलं असतं तर कुणाला कळलं असतं? मला तरी? मी याला हो म्हणून बसले होते सगळ्यांदेखत. नुसता एक आकडा खोटा सांगायचा होता."

"अगं, पण पहिलाच दिवस हाय त्याचा!"

"माझाही होता की एकदा."

मग भुजंगकडं वळले. "लग्नाचं आत्ता बोलायचं न्हाई. तुमचे आधी शंभर होऊ द्या. एक दिवस जरी खोटा सांगितलात, तर तोंड बघणार न्हाई तुमचं. अन् काल बूथसमोरून तसेच गेलात ना, त्याचं भांडण अजून बाकी आहे!"

"अन् मधेच तुमचीच बाटली परत सुरू झाली तर?" त्यानं घाबरत घाबरत विचारलं.

"तर मीही इथंच उभी राहून सांगीन. एक म्हणून."

"लोक काय म्हणतील, द्वारके?" अण्णासाहेबांचा आवाज आता खाली आला होता. "येतीस का न्हाई?"

"तुम्ही व्हा पुढं, अण्णा. आमचा गोल संपायचाय."

मी खाली बसले. भुजंगही बसला. अण्णासाहेब दारातून बघत होते, वीस माणसं बघत होती. मी त्याचा हात धरला आणि गोल संपेपर्यंत सोडला नाही.