सगुण पेंटरच्या घरचे हात

पेडण्याच्या बाजारात, वाचनालयाच्या दारावर शिडी लावून गौरवी पाटीवरचं ‘दमण व दीव’ पुसत होती, तेव्हा खालून कुणीतरी शिडी धरली.

त्या वर्षी दमण-दीव वेगळे होऊन गोवा राज्य झालं आणि गावोगावच्या पाट्यांना एकाएकी काम निघालं. कुणाला ‘गोवा राज्य’ हवं, कुणाला मराठीच्या खाली कोंकणी हवी, कुणाला कोंकणीच्या खाली मराठी. ही सगळी कामं ज्याने गाणं गुणगुणत उरकली असती तो सगुण पेंटर, गौरवीचा बाप, मागच्या पौषात गेला होता. ब्रश उरले, रंगाचे डबे उरले, आणि बी.ए. होऊन नोकरीच्या उत्तराची वाट बघणारी लेक उरली. मग तीच शिडीवर चढली.

“शिडी सोडा,” ती खाली न बघता म्हणाली.

“सोडतो. पण हलतेय.”

“ती रोजच हलते. मला सवय आहे.”

“मला नाही ना.”

तिने खाली पाहिलं आणि तिथेच चुकलं. ब्रशाच्या टोकावरचा निळा थेंब सुटला तो थेट त्याच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशावर. तो खिशाकडे बघत राहिला. त्याच्या कॉलरला आतून तांबूस रेघ होती. धुऊन धुऊनही न जाणारी, खाणीवरच्या धुळीची. म्हणजे डिचोलीकडचा असावा, गौरवीने मनाशी म्हटलं.

“गेला शर्ट,” ती म्हणाली.

“असू दे. पेंटरकडेच निघालोय, ते सांगतील कसा काढायचा. सगुण पेंटर कुठे राहतात?”

श्रावणातली एक सर बाजारावरून सरकत गेली. माणसं दुकानांच्या पडव्यांखाली शिरली. हा मात्र शिडी धरून भिजत उभा.

“बाबा... आता नाहीत,” गौरवी म्हणाली.

त्याने शिडी आणखी घट्ट धरली. म्हणाला, “माझेही नाहीत. दोघंही असताना यायला हवं होतं मी.”

त्याचं नाव सुदेश. खाणीवर वजनकाट्याला कारकून. बाप शिवदास, डिचोलीकडचा नावाजलेला घुमटवाला. चतुर्थीच्या आरत्यांना त्याचं घुमट दोन वाड्यांपलीकडे ऐकू जायचं. पण त्याचा वाजवतानाचा एकही फोटो घरात नव्हता. कुणी विचारलं की म्हातारा म्हणायचा, “म्हजे हात सगुणागेर आसात.” माझे हात सगुणच्या घरी आहेत.

“ते हात न्यायला आलोय,” सुदेश म्हणाला. “असतील तर.”

*

होते. पण कुठले, ते कोण सांगणार?

सगुण पेंटर नाटकाचे पडदे रंगवायचा. राजवाडे, अरण्य, काय हवं ते. पण त्याचा जीव सगळा वाजवणाऱ्यांत. पेटीवाले, तबलजी, सनईवाले, घुमटवाले, उत्सव आटोपला की सगळे याच्याच घरी. रात्री कुणाच्या घरी जेवले ते विसरतील, पण सकाळचा चहा सगुणच्या व्हरांड्यात. आणि तो त्यांचे चेहरे कधी काढायचा नाही, फक्त हात. तेही लगेच नाही. आधी त्या माणसाचा हात आपल्या दोन्ही हातांत घ्यायचा, डोळे मिटायचे, बोटांची पेरं चाचपायची. “हाडं हाताला कळली तर कागदाला कळणार,” म्हणायचा. मग कागद. नाटकाच्या जाहिरातीची मागची बाजू, कॅलेंडरचं उलटं पान, जे सापडेल ते. नाव मात्र कुठेही लिहिलं नाही. ज्याचे हात त्याला कळतात, आणखी कुणाला कशाला?

आता ते कागद ठेवलेली पत्र्याची ट्रंक गौरवीच्या जिवाला घोर होऊन बसली होती. पाऊस चढला की ती उठून कागद चाचपायची. दमट झाले का, वाळवी लागली का. तिने ठरवलं होतं, चतुर्थीच्या आधी ज्याचे हात त्याच्या घरी पोचवायचे. सणाला ते त्यांच्या गणपतीपुढे असावेत.

ट्रंक उघडली. सुदेश मांडी घालून बसला. एकेक कागद हातात घेत गेला.

“हा अनंत पेटीवाला. करंगळी बघा, कशी काळ्या पट्टीवर पोचायला धडपडतेय. हा सनईवाला कुडण्याचा, याची दोन बोटं नेहमीच वर असतात... हे कोण, नाही माहीत.” त्याने एक कागद बाजूला ठेवला. घुमटावरचे हात होते. मातीच्या मडक्याच्या एका तोंडाला ताणलेलं कातडं, दुसऱ्या तोंडावर उघडमीट करणारा तळवा.

“घुमट आहे. तुमचे बाबा नव्हेत?”

“घुमटवाले काय एकटे बाबाच?” तो म्हणाला, आणि पुढचा कागद उचलला.

गौरवीची आई, प्रभावती, चहा आणि गरम गोल उंडे पाव घेऊन बाहेर आली. “ओळखलंस रे पुता बापाशीला?”

“अजून नाही, मावशी. खूप कागद आहेत. रविवारी परत येईन म्हणतो.”

“ये की. उंड्यांची कमी नाही,” प्रभावती म्हणाली.

*

तो येत राहिला. डिचोलीहून म्हापसा, तिथे बस बदलून पेडणे. एका रविवारी छत्री विसरला, पुढच्या रविवारी ती न्यायला आला आणि पुन्हा विसरला. शर्ट तोच असायचा, खिशावर निळा थेंब असलेला.

“रॉकेलने निघाला असता तो डाग,” गौरवी एकदा म्हणाली.

“काढायचा कुणाला आहे?”

ती चिठ्ठी लिहिण्यात गुंतल्यासारखी झाली. ओळखलेल्या कागदाला नावाची चिठ्ठी टाचायची, आणि जमेल तसा तो त्या त्या घरी पाठवायचा, हे तिचं काम. अनंत पेटीवाल्याचा कागद द्यायला दोघं मिळून गेली होती. म्हाताऱ्याची बोटं आता संधिवाताने वाकडी. त्याने कागद उजेडाला धरला आणि बराच वेळ स्वतःच्याच हातांकडे बघून हसत राहिला. “इतके देखणे होते काय रे माझे हात? बायकोने कधी सांगितलं नाही.” मग कागद त्याने तिच्याकडेच परत दिला. “काचेत बसवून दे बाय. मगच दे. इथे उंदीर आहेत.”

परतताना सुदेशने विचारलं, “तुम्ही काढत नाही हात?”

“मी अक्षरं काढते. अक्षरांना हाडं नसतात.”

“म्हणजे येतं, पण काढत नाही.”

“तुम्ही काट्यावर माल वजन करता की माणसं?”

“माल. माणसं नुसती बघूनच कळतात,” तो म्हणाला. गौरवीने पदराचं टोक उगीचच नीट केलं.

पण ट्रंकेतला ढीग उतरत चालला होता. गौरवीला ते दिसत होतं. ती फार बघणारी मुलगी होती. ढीग संपला की रविवारी यायला कारण काय? त्यातच प्रभावतीने सांगून ठेवलं होतं की वास्कोचं स्थळ आहे, मुलगा गोदीवर नोकरीला आहे, चतुर्थी झाली की बघायला येणार. वाईट काही नव्हतं त्या स्थळात. तेच तर अवघड होतं. नाही म्हणायला कारण लागतं, आणि ज्याने ते कारण द्यायचं तो उंडे खाऊन शेवटची बस गाठत होता.

मग बी.ए. झालेल्या गौरवीने एक पोरकट गोष्ट केली. अनंत पेटीवाल्याच्या कागदाची चिठ्ठी काढली आणि तो पुन्हा ढिगात, मधोमध, सारून दिला.

सुदेशने कागद हातात घेतला. बघितला. “हा... पेटीवाला आहे कुणीतरी,” तो सावकाश म्हणाला. “ओळखीचा वाटतो. विचार करावा लागेल.”

आणि खरोखर संध्याकाळपर्यंत विचार करत बसला.

*

सणाच्या आधीच्या रविवारी प्रभावतीला आरती ऐकायची हुक्की आली. “शिवदासाचा पूत तू, आणि आमच्याकडे नुसते उंडे मोडतोस? वाजवून दाखव काहीतरी.”

घुमट कुठून आणणार? सुदेशने कोपऱ्यातला रंगाचा रिकामा डबा उचलून काखेत धरला आणि वाजवायला लागला. साधा पत्र्याचा डबा, पण घुमल्यासारखा बोलायला लागला. प्रभावती दारातच टाळ्यांचा ठेका धरून उभी राहिली. गौरवी मात्र ऐकत नव्हती. ती बघत होती.

घुमटवाला उजव्या हाताने वाजवतो, डाव्या तळव्याने मागचं तोंड उघडमीट करतो. याचं उलटं होतं. डावा हात वाजवत होता, उजवा तोंडावर.

ती उठली. बाजूला ठेवलेला तो पहिल्या दिवशीचा कागद तिने काढला. इतके दिवस तो तिच्या डोळ्यांसमोर होता. डावा हात कातड्यावर, उजवा तोंडावर. बापाचं बघून शिकलेला पोरगा बापासारखाच वाजवणार, दुसरं काय?

आई आत गेल्यावर तिने कागद सुदेशपुढे धरला.

“हा डावखुरा घुमटवाला कोण?”

डबा थांबला.

“पहिल्याच दिवशी ओळखलं होतंत,” तिने विचारलं नाही, सांगितलंच.

“हो.”

“मग खोटं का बोललात? ज्याच्यासाठी एवढ्या लांबून आलात...”

“तेच. ओळखला असता तर घ्यायचा आणि निघायचं. दुसऱ्यांदा कुठल्या तोंडाने आलो असतो?” त्याचे कान लाल झाले होते. “आणि तुम्ही मला अनंत पेटीवाला पुन्हा दाखवलात, तेव्हा मी काही म्हटलं?”

गौरवीला हसू आलं, आणि लगेच रडूही येईल असं वाटलं. ती व्हरांड्याच्या कठड्याला टेकून बसली. समोरच्या रस्त्याने माणसं गणपतीवर बांधायच्या माटोळीची फळं, नारळाच्या पेंड्या घेऊन चालली होती.

“ढीग संपला आता,” ती म्हणाली. “हा शेवटचा. नेणार ना तुम्ही?”

सुदेशने बापाचे हात बराच वेळ बघितले. मग कागद हलकेच तिच्या मांडीवर ठेवला.

“हे हात इथेच बरे आहेत. आणि... माझेही इथे ठेवून घेशील का?”

तो ‘तुम्ही’ वरून ‘तू’ वर आला, हे दोघांनाही त्याच क्षणी कळलं.

“मी अक्षरं काढते,” ती कशीबशी म्हणाली.

“काढून तर बघ. काढायच्या आधी काय करायचं असतं, ते तूच सांगितलंयस मला.”

तिने रस्त्याकडे पाहिलं. भर दुपार. समोरची सत्यवतीकाकू भाजी निवडता निवडता थांबली होती. व्हरांड्यात बसून परक्या माणसाचा हात हातात घ्यायचा म्हणजे पेडण्याच्या बाजारात दवंडी पिटण्यासारखं.

“आत ये,” ती हळूच म्हणाली.

“सगुणबाब बाहेरच बसायचे ना? सगळ्यांसमोर?” तो म्हणाला. आवाज धीट होता. हात मात्र खिशावरचा निळा डाग खरवडत होता.

ते बघितलं आणि गौरवीची भीती गेली. तिने बोटांचा रंग पदराला पुसला, त्याचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि डोळे मिटले. खरखरीत होता. बोटांच्या पेरांवर घट्टे होते, तळव्यात ऊब. हाडं तिच्या हाताला कळत गेली, एकेक करून, घाई न करता...

किती वेळ गेला कोण जाणे. खिडकीतून प्रभावतीचा आवाज आला. वर न बघता, तांदूळ पाखडता पाखडता.

“वास्कोच्या माणसांना सांगून धाडते, येऊ नका म्हणून. त्या सत्यवतीने सांगितल्यावर कळण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं.”

गौरवीने डोळे उघडले नाहीत. हातही सोडला नाही.

कॅलेंडरचं उलटं पान तिच्या शेजारी होतं, पेन्सिलही टोक काढून ठेवलेली होती. पण त्या दिवशी त्यावर एक रेघही उमटली नाही. संध्याकाळी बस गाठताना सुदेशने तो कोरा कागद बघितला, नीट गुंडाळला आणि परत ट्रंकेत ठेवला.

“काम अर्धवट राहिलं,” तो म्हणाला. “यावं लागेल.”

छत्री त्या दिवशी त्याने आठवणीने नेली.