जुनी गाडी कोणी घ्यायची?

जुन्या गाड्यांच्या आवारात मी त्या फोर-व्हील-ड्राइव्हचं दार उघडून आत बसले, आणि त्याच क्षणी पलीकडच्या दारातून कुणीतरी आत येऊन बसलं.

"ही मी बघतोय—"

"ही मी बघतेय—"

तो हसला. नखांत माती, शर्टाला ओल्या मातीचाच वास. मला मात्र हसू येईना. गेल्याच आठवड्यात माझी छोटी गाडी चढावर मागे घसरली होती. मी चालत गोठ्यात पोहोचेपर्यंत आजारी गाय दगावली होती. तेव्हापासून फोन वाजला की मला आधी तो चढ आठवायचा.

गाड्यांचे व्यापारी हात पुसत आले. "ही जुनी आहे, पण कुठे अडायची नाही. डिझेल मात्र घटाघटा पिते. ती शेजारची करडी नवी. ॲव्हरेज छान, रोजचा खर्च कमी. फक्त तिचा इंजिनाचा दिवा लागला, की थेट शहरात न्यावी लागते."

"तुम्हाला रोज लागते?" त्याने मला विचारलं.

"रोज. जनावरांची डॉक्टर आहे, सगळ्या वाड्यांवर फिरते. अर्धा पगार डिझेलमध्ये गेला तर... आणि तुम्हाला?"

"वर डोंगरात रोपांची नर्सरी आहे. आठवड्यातून दोनदा आईचं डायलिसिस. रस्त्यात गाडी बंद पडली तर..."

मागच्या चढावर आम्ही दोन्ही गाड्या चालवून पाहिल्या. जुनी गुरगुरत चढली, करडी गुपचूप. मी चालवत होते. त्याने वरची कडी घट्ट धरली होती.

"घाबरलात?"

"गाडीला नाही."

"मग?"

"डॉक्टर... समोर बघा ना."

खाली आल्यावर मी जुन्या गाडीची किल्ली त्याच्या हातात ठेवली. "तुम्ही घ्या. आईंसाठी."

"आणि तुमची करडी थांबली तर?"

"तर बघू."

"बघू नाही. मला फोन करायचा. कधीही." त्याने माझ्या फोनमध्ये स्वतःच नंबर टाकला. नाव लिहिलं, 'जुनी गाडी'.

मग रोज संध्याकाळी त्याचाच फोन येऊ लागला.

"दिवा लागला का?"

"नाही."

"बरं..."

त्या 'बरं'नंतरही आम्ही बोलतच राहायचो. रोपांना लागलेल्या किडीबद्दल, आईंच्या पथ्याबद्दल, कशाहीबद्दल. आणि मला नवीनच धास्ती लागली. एखाद्या दिवशी हा फोन आलाच नाही तर?

एका संध्याकाळी दिवा लागला. वरच्या वाडीवर गाय अडली होती, आभाळ भरून आलं होतं, आणि करडी अर्ध्या चढावर जी थांबली ती थांबलीच. मी फोन लावला. "आलोच," एवढंच तो म्हणाला.

तो आला तेव्हा मागच्या सीटवर आई आडव्या झालेल्या दिसल्या. नुकतंच डायलिसिस करून आलेल्या, चेहरा पार उतरलेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अहो, आधी यांना घरी सोडा—"

"गाय अडलीय ना?" मागून आईंचा आवाज आला. "मग बोलत काय उभे राहिलात? चला!"

जुनी गाडी चिखल उडवत वर चढली. वासराचा एक पाय आत दुमडलेला होता. त्याने बॅटरी धरली. थोड्या वेळाने उजेड हलू लागला, मग छपरावर गेला... वळून पाहिलं तर हा गडी गवतावर बसलेला, पांढराफटक! वासरू बाहेर आलं, पण श्वास घेईना. मी गवताने घासत राहिले, नाकपुडीत काडी फिरवली, पुन्हा घासलं. आणि ते शिंकलं. तेव्हा कुठे माझाही जीव भांड्यात पडला.

परतताना त्याची चक्कर अजून उतरली नव्हती, म्हणून मीच चालवत होते. काचेवर बारीक पाऊस होता.

"डॉक्टर..."

"हं?"

"दोन घरं, दोन गाड्या... खर्च फार होतो हो. एकच घर असतं तर..."

मी वायपर सुरू केला. "मी भरल्या ताटावरूनही उठून जाते. आणि कधीकधी... उशिराही पोहोचते."

"आणि मला गाय व्यायली तरी चक्कर येते. आज पाहिलंतच." तो हसला. "मी रोज काही दिव्यासाठी फोन करत नव्हतो."

वळण आलं. मी गाडी सावकाश घेतली. त्याच्याकडे बघायची हिंमतच होईना.

"परवा आईंना दवाखान्यात मी नेईन," मी म्हणाले. "तू रोपं बघ."

"म्हणजे...?"

"म्हणजे हो म्हणाली ती!" डोळे मिटूनच आई म्हणाल्या. "आणि नेऊ दे तिलाच. वळणावर माझं डोकं आपटत नाही."