शेकरूच्या भावकीतलं साळिंदर

“या, या! चोर सापडला!” ओवी बांधावरून ओरडली.

वाईची ओवी उन्हाळी सुट्टीत मैत्रिणीच्या, क्रांतीच्या गावी पलूसजवळ आली होती. क्रांतीच्या नाथाजीकाकांचा भुईमूग रोज रात्री कुणीतरी उकरून फस्त करत होतं. माग काढत ओवी थेट ओढ्याकाठच्या बिळापाशी पोचली. तोंडाशी काळापांढरा काटा पडलेला!

“साळिंदर!” काकांचा मुलगा वीरधवल म्हणाला.

ओवीनं धावत जाऊन काकांना बीळ दाखवलं. “लय हुशार पोरगी!” काका म्हणाले, आणि तिला आभाळ ठेंगणं झालं.

सकाळी पाहते तर काय! बिळाचं मागचं तोंड धोंड्यानं बंद करून काका पुढून शेणीची धुरी देत होते.

“काका, ते गुदमरून मरेल!”

“मरू दे की! उंदराचीच जात ती. तुझं शेकरू न्हाई!”

ओवीचे कान तापले. ‘शेकरू वाचवा’ या चित्राला तिला शाळेत बक्षीस मिळालं होतं, आणि आल्या दिवशीच तिनं ते काकांना कौतुकानं सांगितलं होतं. झुपकेदार शेपटीचं शेकरू, आपला राज्यप्राणी! आणि हे काटेरी जनावर तिनंच दाखवून दिलं होतं. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

“काका, शेकरूसुद्धा कुरतडणाऱ्यांच्याच कुळातलं! दोघांची लांबची भावकी आहे. आणि कायद्यानं दोघांनाही मारता येत नाही!”

“मला कायदा शिकवतीस व्हय?” काका सुपानं धूर आत ढकलतच राहिले.

क्रांतीनं वीरधवलला डोळा मारला. तो पसार झाला आणि थोड्याच वेळात लांबून त्याची आरोळी आली, “आबा, पाट फुटला! पाणी चाललं!”

पाट त्यानंच फोडला होता! काका धूम पळाले.

“लाव जोर!” दोघींनी रेटा दिला, धोंडा गडगडला. काटे फुलवून साळिंदरीण बाहेर आली. मागोमाग दोन पिल्लं! तिघंही झुडपात गडप झाली.

न्याहारी घेऊन आलेल्या राहीकाकूंनी हे सगळं पाहिलं. काका परतताच त्या कडाडल्या, “आवं, लेकुरवाळीला मारत हुतासा! लाज न्हाई वाटत?”

काकांची मान खाली गेली. त्यांनी शेणीवर पाणी ओतलं. “चुकलं माझं. शेताला जाळी मारू. शाबास, पोरींनो!”

काकूंनी ओवीला जवळ घेतलं, तशी ती रडायलाच लागली.

“मला शाबास नका म्हणू, काकू! शेकरूचं घरटं मी असं कुणाला दाखवलं असतं का?”