कुकरची चौकशी

शेलूबाजारच्या जीपमध्ये चौघांच्या जागेत सहा जण बसवायचे, असा अलिखित कायदा आहे. त्या कायद्याच्या कृपेनं शेजारच्या एका तरुणाचा खांदा धम्मदीपाच्या खांद्याला टेकला. तो अदबीनं ‘सॉरी’ म्हणाला... खांदा तिथेच ठेवून.

“आसेगावच्या शाळेतल्या धम्मदीपा मॅडम कशा हायेत वो?”

“लई खडूस,” धम्मदीपा म्हणाली. “पन दिसाले बऱ्या. तुमी कायले विचारून राह्यले?”

“मी प्रसेनजित. आचारसंहिता पथकातला. त्यायनं शाळेत कुकरचा प्रचार केला म्हन्ते. नोकरी जाऊ शकते बिचारीची.”

धम्मदीपाचं हसू मावळलं. तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून काढून पुढच्या महिन्यात ती कायम होणार होती.

गुन्हा एवढाच, की वर्गाचं मंत्रिमंडळ निवडायला तिनं मतदान घेतलं. चिन्हं पोरांनीच ठरवली. कुकरवाली सरिता जिंकली. जिल्हा परिषदेला उभ्या असलेल्या एका अपक्षाचंही चिन्ह कुकरच. त्यानं ‘चिमुकल्यांचा कौल कुकरला!’ असा फलक ठोकला, आणि विरोधकांनी तक्रार.

शाळेत पोचल्यावर धम्मदीपानं वर्गात खडू उचलला, तेव्हा चौकशीला आलेल्या प्रसेनजितच्या कानांपर्यंत लाली चढली.

“म्हंजे... त्या खडूस तुमीच?”

“दिसाले बऱ्या, हे बी लिवा.”

त्यानं घाईनं पोरांकडे तोंड फिरवलं. “कुकरले मत कोनाच्या सांगन्यावरून देल्लं?”

सरिता उठली. “माह्या, सर. मी म्हनलं, खिचडी जळू देनार नाही.”

“आन् मॅडम काय म्हनल्या?”

“म्हनल्या, शब्द देल्ला तं पाळ. आता रोज चुलीपाशी उभं करतात मले!”

हसू दाबत त्यानं लिहून घेतलं आणि निरोपही न घेता गेला. धम्मदीपाला उगाचच राग आला.

निकाल लागले, कुकर पडला, आचारसंहिता उठली. एका दुपारी प्रसेनजित शाळेच्या फाटकात उभा!

“तक्रार निकाली निघाली. तुमच्यावर काई नाही.”

“हे फोनवर बी सांगता आलं असतं.”

“हे आलं असतं. पुढचं नसतं.” तो अडखळला. “मले तुमी... जीपमधीच आवडल्या. पन चौकशी चालू असतानी बोललो असतो, तं पक्षपात झाला असता.”

वाऱ्यानं तिची ओढणी उडाली. तिनं ती सावरली — जरा जास्तच वेळ.

“आश्वासनं काय देता?”

“जमन तेवढंच. पोळी नाही येत. भाकर येते.”

“कोनं शिकवली?”

“मायनं.”

“मंग रविवारी त्यायले घेऊन घरी या. माह्या बाबाले बोलाचं असन त्यायच्याशी.”

खिडकीच्या गजांना लटकलेल्या मंत्रिमंडळानं टाळ्या पिटल्या.

“आत पळा रे!” धम्मदीपा ओरडली, पण त्या आवाजाला कोणी घाबरलं नाही, की जागचं हललंही नाही.